रुग्णवाहिका आणि शववाहिका : अमेरिकेतील एका जुन्या व्यवस्थेचा अभ्यास

रुग्णालयास रुग्णवाहिका भेट देण्याची इच्छा व्यक्त करणारे दाते आम्हांस दरवर्षी भेटतात. दिवंगत माता-पित्यांच्या स्मरणार्थ दिलेले वाहन पंचक्रोशीतील आजाऱ्यांच्या उपयोगी पडावे, ही त्यामागील भावना आम्हांस सदैव आदरणीय वाटत आली आहे. मात्र बोलणे पुढे सरकले की त्यांपैकी बहुतेक जण एक प्रश्न हमखास विचारतात. रुग्णवाहिका निराळी व शववाहिका निराळी असा दुहेरी खर्च न्यासाने का सोसावा? गाडी तीच, चालक तोच, स्ट्रेचरही तेच. मग दोन्ही कामे एकाच वाहनाकडून का करून घेऊ नयेत? काटकसरीने चालणाऱ्या संस्थेस हा प्रश्न विचारला जाणे योग्यच आहे, आणि ‘तशी पद्धत नाही’ एवढ्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही.

हा प्रयोग एका मोठ्या व धनवान देशाने राष्ट्रव्यापी प्रमाणावर करून पाहिलेला आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपासून सुमारे १९७५ पर्यंत रुग्णांची ने-आण करण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या पेढ्यांकडे होते. ज्या गाडीतून सकाळी शवपेटी स्मशानभूमीकडे गेली, त्याच गाडीतून सायंकाळी एखादी आसन्नप्रसवा स्त्री रुग्णालयात दाखल होत असे. या व्यवस्थेचा उगम, तिचा जमाखर्च आणि तिचा शेवट यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. आम्ही वैद्यकाचे जाणकार नव्हे. या विषयाकडे आम्ही मुख्यतः हिशेबाच्या बाजूने पाहिले आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

प्रथम ‘फ्युनरल होम’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे मृत्यूनंतरची सारी धावपळ नातलग, शेजारी व भावकी करतात. तिरडी दारातच बांधली जाते आणि बहुधा त्याच दिवशी अंत्यसंस्कार उरकतात. अमेरिकेत देह काही दिवस जपून ठेवण्याची, आप्तेष्टांस अंत्यदर्शन घडविण्याची व मग शवपेटीसह दफन करण्याची रीत रुजली. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे देह दूरच्या गावी धाडण्यासाठी, रसायने भरून देह टिकविण्याची विद्या प्रचारात आली. १८६५ साली अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा देह याच रीतीने टिकवून वॉशिंग्टनहून इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्डपर्यंत आगगाडीने नेण्यात आला आणि वाटेवरील शहरांतून लोकांच्या रांगांनी त्याचे दर्शन घेतले. त्यानंतर हा एक प्रतिष्ठित व्यवसाय बनला. त्यात पडलेले लोक मूळचे पुष्कळदा लाकडी सामानाचे दुकानदार होते. पलंग व कपाटे करणाराच शवपेटी करी, आणि शवपेटी करणाराच पुढे सर्व विधींची व्यवस्था पाहू लागला. काही जण घोडागाड्या भाड्याने देणारे होते.

रुग्णवाहिकेचे काम या लोकांकडे कसे आले, याचे उत्तर अगदी साधे आहे. लहान गावात माणसाला आडवे निजवून नेता येईल इतकी लांब गाडी एकच असे, आणि ती शववाहिका. पेढीचा मालक बहुधा पेढीच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राही. रात्री कितीही वाजता दूरध्वनी आला तरी तो उचलला जाई, कारण मृत्यूची वार्ता वेळ पाहून येत नाही. उचलण्या-ठेवण्याची सवय असलेली दोन-तीन माणसे त्याच्या हाताशी असत. गावात अपघात झाला की लोक त्याच्याकडेच धावत, आणि तोही नकार देत नसे. ही योजना कोणी आखली नव्हती. गावाच्या गरजेतून ती आपोआप उभी राहिली.

रुग्णालयांच्या स्वतःच्या रुग्णवाहिका अमेरिकेत नव्हत्या असे मात्र नव्हे. सिनसिनाटी येथील कमर्शियल हॉस्पिटलने १८६५ साली, तर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने १८६९ साली अशी सेवा सुरू केली. बेलव्ह्यूची सेवा उभारणारे डॉ. एडवर्ड डाल्टन यादवी युद्धातील लष्करी वैद्यक होते आणि तेथील अनुभव त्यांनी शहरात आणला. त्या घोडागाड्यांबरोबर तरुण डॉक्टर जात असे. परंतु ही सोय मोठ्या शहरांपुरती राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धात डॉक्टर लष्करात गेल्यावर अनेक शहरांतील रुग्णालयांनी ती सोडून दिली. मग कोठे पोलिसांनी, कोठे अग्निशमन दलाने, आणि जेथे कोणीच नव्हते तेथे अंत्यविधीच्या पेढीने ती उचलली. व्हर्जिनिया राज्यातील रोआनोक येथे ज्युलियन वाइज यांनी १९२८ साली स्वयंसेवकांचे जीवरक्षक पथक स्थापन केले व त्याचे अनुकरण ठिकठिकाणी झाले. परंतु देशभराची गरज त्याने भागण्यासारखी नव्हती.

या दुहेरी कामासाठी मुद्दाम बांधलेल्या गाड्या निघाल्या. त्यांस ‘काँबिनेशन कार’ म्हणत. कॅडिलॅक किंवा पॅकार्ड यांसारख्या महागड्या मोटारींची लांब चासी घेऊन तिच्यावर ओहायो राज्यातील मिलर-मीटिअर, सुपीरियर किंवा इलिनॉयमधील हेन्नी अशा कंपन्या शरीर चढवीत. आतील फरशीच्या फळ्या उलटसुलट करता येत. एका बाजूस शवपेटी सरकविण्याचे रूळ असत. फळी उलटली की सपाट जमीन तयार होई आणि तीवर रुग्णाची खाट बसे. परिचारकासाठी घडीची बैठक बाहेर निघे. टपावरील लाल दिवा लावता-काढता येई, आणि खिडक्यांचे पडदे प्रसंगानुसार बदलत. काही मिनिटांत एका गाडीची दुसरी गाडी होई. कारागिरी म्हणून हे सारे कौतुकास्पद होते यात शंका नाही. १९८४ सालच्या ‘घोस्टबस्टर्स’ या विनोदी चित्रपटात भुते पकडणारी मंडळी ज्या पांढऱ्या गाडीतून हिंडतात ती १९५९ सालची मिलर-मीटिअर बांधणीची कॅडिलॅकच आहे. आपल्याकडील तरुण वाचकांनी ती पाहिलेली असेल.

आता जमाखर्चाकडे वळू. आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथेच आहे.

रुग्णास नेण्याबद्दल पेढी नाममात्र आकार घेई, आणि पुष्कळदा तोही वसूल होत नसे. कॅडिलॅकची किंमत, पेट्रोल, रात्रभर जागणारी माणसे यांचा खर्च त्या आकारातून निघणे शक्यच नव्हते. मग पेढी ही सेवा का देई? कारण तिचे खरे उत्पन्न अंत्यविधीचे होते. ज्या घराच्या अडीअडचणीस पेढी मध्यरात्री धावून गेली, ते घर पुढे दुःखाचा प्रसंग आला की त्याच पेढीस बोलावी. म्हणजे रुग्णवाहिका हा हिशेबाच्या भाषेत जाहिरातीचा खर्च होता. तोट्याचे एक खाते नफ्याच्या दुसऱ्या खात्याच्या पोटात लपविलेले होते. वाहन मुळात अंत्यविधीसाठीच घेतलेले असल्याने त्याचा घसारा रुग्णसेवेवर कोणी टाकीत नसे, आणि माणसे मुळात पगारावर होतीच. त्यामुळे ‘ही सेवा जवळजवळ फुकट मिळते’ असा ग्रामपंचायतीपासून राज्य शासनापर्यंत सर्वांचा समज झाला. जी वस्तू फुकट मिळते तिच्यासाठी कर बसविण्याचा विचार कोण करील?

रुग्ण दगावला तर पेढीचाच लाभ, अशी एक कडवट थट्टा या व्यवस्थेविषयी तेव्हाही केली जाई. आम्हांस ती अन्यायाची वाटते. आपल्या गावात, आपल्याच ओळखीच्या माणसांत राहून व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाने रुग्णाच्या मरणाची वाट पाहावी, असे मानण्यास हिशेबातही आधार नाही. वाचलेला रुग्ण पेढीचा लौकिकच वाढवी. हितसंबंधांचा खरा संघर्ष दुसरीकडे होता. ज्या शहरांत दोन-तीन पेढ्या स्पर्धेत होत्या, तेथे अपघाताची बातमी कळताच त्यांच्या गाड्या एकमेकींशी शर्यत करीत घटनास्थळी पोहोचत, आणि जखमींपेक्षा मृताची जबाबदारी कोणाची यावरून वाद होत. शिवाय दुपारी मोठी अंत्ययात्रा असेल तर त्या वेळी गाडीही गुंतलेली व माणसेही गुंतलेली. त्याच वेळी कोणाच्या छातीत कळ आली तर काय करावयाचे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे व रिवाज होते त्या काळात या प्रश्नास आणखी एक बाजू होती. गोऱ्यांच्या पेढ्यांच्या गाड्या कृष्णवर्णीय रुग्णांस पुष्कळदा घेत नसत. अशा ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या अंत्यविधी-पेढ्यांनीच आपल्या समाजासाठी रुग्णवाहिका चालविल्या. त्या नसत्या तर हजारो लोकांना रुग्णालयाचे दार दिसले नसते. या व्यवस्थेचा निवाडा करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

मोठ्या शहरांतही ही पद्धत किती रुळलेली होती, हे १९६३ सालच्या नोव्हेंबरात डॅलस येथे जगाने पाहिले. २२ नोव्हेंबर रोजी अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्यावर त्यांना त्यांच्याच मोटारीतून पार्कलंड रुग्णालयात नेण्यात आले. तेथे त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांच्यासाठी शवपेटी आली ती ओ’नील या स्थानिक अंत्यविधी-पेढीची, आणि त्यांचा देह विमानतळावर नेणारी शववाहिकाही त्याच पेढीची. त्याच दिवशी गोळीबारात पडलेले पोलीस अधिकारी टिपिट यांना उचलून नेणारी रुग्णवाहिका डडली ह्यूज या दुसऱ्या अंत्यविधी-पेढीची होती. दोन दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, पोलीस ठाण्याच्या तळघरात ली हार्वे ऑस्वाल्ड यास गोळी लागली. मरणोन्मुख ऑस्वाल्डला पार्कलंडकडे घेऊन गेलेली रुग्णवाहिका पुन्हा ओ’नील पेढीचीच. शहर लाखो वस्तीचे, रुग्णालय नामांकित. तरीही या दोहोंमधील वाट अंत्यविधीच्या व्यावसायिकाच्या हाती होती, आणि त्यात त्या काळी कोणास नवल वाटले नाही.

नवल वाटू लागले ते वैद्यकातील ज्ञान बदलल्यामुळे. आमच्या समजुतीप्रमाणे या विषयावर बोलताना हा मुद्दा बहुधा निसटतो. १९५० पूर्वी रस्त्यात पडलेल्या रुग्णासाठी वाटेत करण्याजोगे फारच थोडे होते. रक्तस्राव दाबून धरावा, मोडलेल्या हाडास फळी बांधावी, क्वचित प्राणवायू द्यावा आणि गाडी वेगाने हाकावी. गाडी हाच त्या काळचा उपचार होता, आणि गाडी तर पेढीजवळ उत्तम होती. पुढे बाल्टिमोर शहरात थोड्या वर्षांच्या अंतराने दोन शोध लागले. डॉ. पीटर साफर यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, मान मागे कलवून तोंडाने श्वास देण्याची रीत किती परिणामकारक आहे हे प्रयोगांनी दाखविले. आणि १९६० साली जॉन्स हॉपकिन्स येथील कोवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनी, छाती उघडल्यावाचून केवळ तळहातांच्या दाबाने बंद पडलेल्या हृदयाचे कार्य चालू ठेवता येते, हे प्रसिद्ध केले. आता वाटेतील दहा मिनिटांना अर्थ आला. परंतु त्यासाठी रुग्णाच्या डोक्यामागे बसण्यास जागा हवी, छातीवर भार देण्याइतके छत उंच हवे, आणि मुख्य म्हणजे ते करणारे शिकलेले हात हवेत. सुबक, बुटक्या कॅडिलॅकमध्ये यांतील काहीच नव्हते. पुष्कळदा तर मागे रुग्णाजवळ कोणी बसतच नसे. दोघेही माणसे पुढे बसत.

१९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने व राष्ट्रीय संशोधन परिषदेने अपघाती मृत्यू व अपंगत्व यांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. १९६५ या एका वर्षात देशात ५ कोटी २० लाख अपघाती इजा झाल्या, त्यांत १ लाख ७ हजार माणसे मृत्यू पावली व ४ लाख माणसे कायमची अधू झाली, असे त्यात नमूद आहे. आयुष्याच्या पूर्वार्धात मृत्यूचे पहिले कारण अपघात हेच होते. याच अहवालाने आपल्या विषयाचा आकडाही दिला : देशातील सुमारे निम्म्या रुग्णवाहिका सेवा १२,००० अंत्यविधी-व्यावसायिक चालवितात, आणि त्याचे मुख्य कारण त्यांच्या गाड्यांत रुग्णास आडवे नेता येते, हे आहे. बहुतेक गाड्या कामास अयोग्य, सामग्री अपुरी आणि परिचारक अशिक्षित, असा निष्कर्ष त्यात काढला होता. कोरिया व व्हिएतनाम येथून परतलेल्या तज्ज्ञांनी, गंभीर जखम व्हावयाचीच असेल तर शहरातील रस्त्यापेक्षा रणांगणावर जगण्याची आशा अधिक, असे जाहीरपणे म्हटल्याचेही अहवालात आहे. एखाद्या प्रगत राष्ट्राने आपल्याविषयी याहून कठोर शब्द क्वचितच लिहिले असतील.

त्याच वर्षी महामार्ग सुरक्षा कायदा संमत झाला. प्रत्येक राज्याने आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा कार्यक्रम आखावा, अन्यथा रस्तेबांधणीच्या केंद्रीय अनुदानातील दहा टक्क्यांपर्यंतची रक्कम गमवावी, असे त्यात होते. १९७० नंतर परिचारकांसाठी ८१ तासांचा अभ्यासक्रम ठरला. १९७३ साली आपत्कालीन सेवांच्या उभारणीस अनुदान देणारा स्वतंत्र कायदा झाला, आणि १९७४ साली केंद्र शासनाने रुग्णवाहिकेची बांधणी कशी असावी याचे निकष जाहीर केले. उंच छताची, चौकोनी, पेटीसारखी गाडी तेव्हापासून रूढ झाली. याच सुमारास किमान वेतन व जादा कामाच्या मोबदल्याचे नियम अधिकाधिक व्यवसायांस लागू होत गेले, आणि चोवीस तास हाकेच्या अंतरावर माणसे ठेवणे पेढीस परवडेनासे झाले.

म्हणजे झाले काय, तर जो खर्च इतकी वर्षे दुसऱ्या खात्यात लपलेला होता तो एकदम उघड्यावर आला. प्रशिक्षित माणसे हवीत, ती केवळ याच कामासाठी हवीत, गाडी निराळी हवी, तीत सामग्री हवी, बिनतारी संदेशयंत्रणा हवी. हे सारे जाहिरातीच्या खर्चात बसणारे नव्हते. १९६५ नंतरच्या दहा वर्षांत गावोगावच्या पेढ्यांनी ‘अमुक तारखेनंतर आम्ही रुग्णवाहिका चालविणार नाही’ अशा सूचना स्थानिक प्रशासनांस दिल्या. अनेक जिल्ह्यांत धावपळ उडाली. फुकट मिळणाऱ्या सेवेसाठी अंदाजपत्रकात एक डॉलरही ठेवलेला नव्हता! कोठे अग्निशमन दलाकडे काम गेले, कोठे जिल्ह्याने स्वतःचे पथक उभारले, कोठे स्वयंसेवक पुढे आले, तर कोठे रुग्णालयाने ते अंगावर घेतले. पेढीवाल्यांनी मात्र बहुतेक ठिकाणी सुटकेचा निःश्वास टाकला, असे दिसते. १९७७ साली कॅडिलॅक गाड्यांचा आकारच आटोपशीर झाला, आणि दुहेरी गाड्यांची बांधणी संपली. १९७६ साली स्थापन झालेली एक हौशी संग्राहकांची संस्था, प्रोफेशनल कार सोसायटी, तेवढी या गाड्या आस्थेने जपते.

धर्मादाय कार्य करणाऱ्या आपल्यासारख्या संस्थेने या इतिहासातील ज्या एका प्रकरणाकडे विशेष लक्ष द्यावे, ते पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहराचे आहे. तेथे रुग्णास नेण्याचे काम पोलिसांच्या गाड्यांकडे किंवा अंत्यविधीच्या पेढ्यांकडे होते. १९६६ सालच्या नोव्हेंबरात शहराचे माजी महापौर व राज्याचे माजी राज्यपाल डेव्हिड लॉरेन्स एका सभेत कोसळले. पोलिसांच्या गाडीतून त्यांना रुग्णालयात नेण्यात आले. हृदय पुन्हा चालू झाले, परंतु शुद्ध परत आली नाही, आणि काही दिवसांनी त्यांचे निधन झाले. ज्यांच्या शोधाचा वर उल्लेख केला ते डॉ. साफर त्या वेळी पिट्सबर्ग विद्यापीठात होते. त्याच वर्षी दम्याच्या विकाराने त्यांनी आपली लहान मुलगी गमावली होती. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीचा वेळ हा त्यांच्या दृष्टीने आता केवळ अभ्यासाचा विषय राहिला नव्हता.

फॉक मेडिकल फंड या धर्मादाय निधीचे अध्यक्ष फिल हॅलन यांनी शहराच्या ‘हिल’ या कृष्णवर्णीय वस्तीतील ‘फ्रीडम हाउस’ या संस्थेशी डॉ. साफर यांची गाठ घालून दिली, आणि १९६७ साली फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवेचा पाया घातला गेला. सेवेत घेतलेले तरुण त्याच वस्तीतील, बहुतेक बेरोजगार; कित्येकांचे शालेय शिक्षणही अपुरे होते. त्यांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण देण्यात आले. शरीररचना, श्वासमार्ग मोकळा करणे, हृदयावर दाब देणे, प्रसूती, अपघातातील जखमा हे सारे त्यात होते, आणि काही काळ त्यांनी रुग्णालयात प्रत्यक्ष काम केले. राष्ट्रीय अभ्यासक्रम पुढे ८१ तासांचा ठरला हे लक्षात घेतले म्हणजे या तयारीची खोली कळते. गाडीची अंतर्रचनाही डॉ. साफर यांनी उपचाराच्या दृष्टीने आखली. १९७४ साली तरुण वैद्यक डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या सेवेच्या वैद्यकीय संचालक झाल्या. त्या स्वतः गाडीवर जात, प्रत्येक रुग्णाच्या नोंदी तपासत, चुका दाखवीत. तेथील अनुभवातून त्यांनी लिहिलेला ‘इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स’ हा ग्रंथ १९७९ साली आला व या क्षेत्राचे पाठ्यपुस्तक ठरला.

या सेवेचा शेवट गोड झाला नाही. शहराने तिला अनुदान दिले ते हात आखडून, आणि १९७५ च्या ऑक्टोबरात महापौर पीट फ्लॅहर्टी यांच्या कारकिर्दीत पालिकेने स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद केले. त्यातील मंडळींस नव्या सेवेत घेतले गेले खरे, परंतु अनुभवी माणसांस दुय्यम कामे मिळाली व अनेकांस थोड्याच काळात बाहेर पडावे लागले. टिकून राहिलेल्यांपैकी जॉन मून हे पुढे त्याच शहरी सेवेचे सहायक प्रमुख झाले. एखादी धर्मादाय संस्था मार्ग दाखविते, आणि शासन तो मार्ग स्वीकारताना मार्ग दाखविणाऱ्यास विसरते, हा अनुभव आपल्याकडील संस्थांसही नवा नाही.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा २०१४ साली सुरू झाली. आरंभी तीत ९३७ रुग्णवाहिका होत्या व त्यांतील २३३ प्रगत जीवरक्षक सामग्रीच्या होत्या. गंभीर प्रसंगी रुग्णाच्या नातेवाइकांनी प्रथम १०८ क्रमांक लावावा, असे आम्ही नेहमीच सांगतो. तथापि खाटेवरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात, वा घरी परत नेण्याचे मोठे काम आजही मंडळे, पतसंस्था, देवस्थाने व आमच्यासारखे न्यास यांच्या गाड्या करतात, आणि त्यांतील पुष्कळ गाड्या प्रसंगी शववाहिकाही होतात. त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. ज्या गावात दुसरे वाहनच नाही तेथे त्या पेढीवाल्याप्रमाणे जे आहे ते घेऊन धावणे हेच कर्तव्य. परंतु ज्या संस्थेस निवड करता येते तिने निवड डोळसपणे करावी. मृतदेह घेऊन दूरच्या खेड्यात गेलेली गाडी परत येईपर्यंत कित्येक तास जातात. गाडी धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा उभी राहण्यास आणखी वेळ लागतो. त्या वेळात आलेल्या दूरध्वनीस ‘गाडी बाहेर आहे’ हे उत्तर द्यावे लागते. मृताच्या नातलगांसही, पुढील रुग्णाची निकड सांगून कोणी घाई करू नये. त्यांचा तो प्रवास सावकाश होण्याचा त्यांना हक्क आहे.

या कारणांनी आमच्या न्यासाने दोन्ही वाहने स्वतंत्र ठेवली आहेत, आणि या अहवालासोबतच्या जमाखर्च पत्रकात त्यांची शीर्षेही स्वतंत्र दाखविली आहेत. रुग्णवाहिकेच्या शीर्षाखाली इंधन व दुरुस्तीबरोबर प्रशिक्षित परिचारकांचे वेतन, त्यांच्या उजळणी वर्गांचा खर्च व प्राणवायू यांचा समावेश आहे. दोन्ही शीर्षांखाली तूट आहे व ती सर्वसाधारण निधीतून भरून काढली आहे. पत्रक वाचताना असे दिसेल की वाहनाची किंमत एकदाच पडते, वेतनाचा आकडा मात्र दरवर्षी येतो, आणि देणगी बहुधा पहिल्यासाठी मिळते. ज्या दात्यांस वाहनाऐवजी एका परिचारकाचे वर्षभराचे वेतन आपल्या आप्तांच्या स्मरणार्थ द्यावयाचे असेल, त्यांनी कार्यालयाशी संपर्क साधावा. त्यांच्या नावाची पाटी रुग्णवाहिकेवर, वाहन देणाऱ्या दात्यांच्या पाटीशेजारी, त्याच आकारात लावण्यात येईल.